एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

स्टोअरच्या खिडकीतून हत्यार देताना मी कामगाराचा पितळी बिल्ला घेते आणि हत्याराच्या जागी खिळ्याला अडकवते. हत्यार परत आलं की बिल्ला परत. बावीस वर्षं हेच करतेय. चाकणच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर आले, कॅमेरे आले, बिल्ले तसेच राहिले. बिल्ला खोटं बोलत नाही, असं सगळे मानतात. नव्या पोरांना ते शिकवायचे मीच.

माझ्या सुरजनं चऱ्होलीत शेड घेऊन दोन लेथ टाकलेत. एका शनिवारी त्याला मायक्रोमीटर हवा होता. केसाची जाडी मोजणारं हत्यार, पण डब्याच्या पिशवीत पोळ्यांखाली सहज मावतं. "आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." गेटवर स्टोअरवाल्या बाईंची पिशवी कोण उघडणार? फक्त खिळा रिकामा दिसायला नको. त्याच सकाळी ग्राइंडिंगवरचा रोहिदास ड्रिल परत करून आपला बिल्ला न घेताच गेला होता. नंबर एक्केचाळीस. तोच अडकवला.

सोमवारी सुरज म्हणाला, अजून एक दिवस. आणि त्याच सोमवारी खंडेनवमीच्या पूजेसाठी साहेबांनी सगळी हत्यारं पुसायला काढायला लावली.

मायक्रोमीटरच्या खिळ्याला नुसता बिल्ला दिसला तसं साहेबांनी विचारलं, "एक्केचाळीस कोण?"

रोहिदास आला. चोपन्न वर्षांचा माणूस, नुसत्या आवाजावरून ग्राइंडिंग बरोबर चाललंय का सांगणारा. मला वाटलं, भांडेल. तो भांडला तर काय बोलायचं, तेही मी जुळवून ठेवलं होतं. त्यानं बिल्ला उलटासुलटा करून पाहिला.

"बिल्ला माजा हाय, म्हंजी मीच न्येलं आसंल. ताई काय खोटं लावतील व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी मायक्रोमीटर आणला आणि त्याच्या कपाटामागे सरकवला. दुपारी झाडताना सापडला. सुटले, म्हटलं. पोरं हसली, "काका, उद्या मशीन घरी न्याल आणि विसराल!" रोहिदास हसला नाही. साहेबांनी त्याला ग्राइंडिंगवरून काढून पॅकिंगला बसवलं. विसराळू माणसाचा हात चाकात जायचा, म्हणाले. म्हणाले तेही मायेनंच.

आठवड्यानं तो खिडकीशी आला.

"ताई, आमची पोरगी रतन मला डोक्याच्या डाक्टरकडं न्येतीय. त्यो इचारणार, कवापासनं इसरताय. त्या शनवारी मी कसा होतो? येड्यावानी काय बोललो का?"

मी खिडकीचा गज धरला. चोरलेलं हत्यार परत ठेवता आलं होतं. याचं डोकं मी कुठल्या कपाटामागून काढून देणार होते?

"रोहिदासभाऊ, तुम्ही नेलाच नव्हता. मी नेला, सुरजसाठी. बिल्ला मी लावला. कपाटामागेही मीच ठेवला."

तो खिडकीच्या आणखी जवळ सरकला.

"म्हंजी डोकं ठीक हाय माजं?"

"ठीक आहे."

त्यानं तिथंच फोन लावला. "रतन, न्हाई जायाचं. मी इसरलो नव्हतो गं." आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाठ हलत होती.

मग डोळे पुसून म्हणाला, "लई आठवायचो मी. येकदा तर आठवलं बी, ताई. मी त्ये उचलून खिशात घालतोय, आसं डोळ्यांनी दिसलं मला."

'माफ करा' तोंडात आलं होतं, ते गिळलं.

"साहेबांना तुम्ही सांगता?"

"तुमीच सांगा. माज्या बोलन्यावर माजाच इस्वास ऱ्हायला न्हाई, सायबांचा कुटनं आसंल?"

मी स्टोअरला कुलूप लावलं. भर शिफ्टमध्ये. दोन पोरं बिल्ले घेऊन उभी होती.

"ओ ताई, पाना द्या की! कुठं निघाल्या?"

"साहेबांकडे."

"किती वेळ लागेल?"

ते मलाही माहीत नव्हतं. रोहिदास माझ्या मागं चार पावलं अंतर ठेवून येत होता. मी वाटेतून माघारी फिरले तर, म्हणून असेल. त्याचं काही चुकलं नाही.