आपोआप

"मशीन आपोआप चालू होतं. मग सकाळी तुमचं काम काय?" दवाखान्याचे व्यवस्थापक कागदावरची नजरही न उचलता म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

तिची कानशिलं तापली. आपोआप! वीज वाचवायला हेच साहेब औषधखोलीतला कॉम्प्युटर रोज संध्याकाळी बंद करायला लावत. सकाळी तो सुरू केला, की रोग्यांची माहिती सांभाळणारा प्रोग्रॅम नीट जागा व्हायच्या आतच औषधं देणारा प्रोग्रॅम धावत सुटे आणि माहिती मिळाली नाही म्हणून बंद पडे. मग हिने पहिल्याची वाट बघायची, दुसऱ्याला हाताने पुन्हा उठवायचं. औषधांची खिडकी उघडेपर्यंत सगळं सुरळीत. कुणाला पत्ताही नाही.

"साहेब, त्यांचा क्रम चुकलाय. दुरुस्त करू का, म्हणून मी कधीची विचारतेय."

"कंपनीने बसवलंय ते. हात लावायचा नाही, एकदा सांगितलं ना?"

ती पाय आपटतच औषधखोलीत आली. खिडकीवर औषधं देणाऱ्या मावशींनी दारातूनच सगळं ऐकलं होतं.

"राहू दे गं तसंच. उद्या बसू देत बोंबलत!"

"बसूच देत. चांगली जिरेल!" तिने पर्स उचलली.

आणि तिला खिडकीवर येणारे आजोबा आठवले. रोज रांगेत पहिले. त्यांना घरच्या आजारी आजींचा एका दिवसाचाच डोस मिळायचा, आणि प्रोग्रॅम चालू असल्याशिवाय औषधांच्या कपाटाचं कुलूप उघडत नसे. "काय पोरी, उठलं का तुझं मशीन?" ते विचारायचे. "उठलंय आजोबा, तोंड धुतंय," ही म्हणायची.

साहेबाची जिरवायला आजींचा डोस! तिला स्वतःचाच संताप आला. पर्स खुर्चीवर आदळून ती कीबोर्डपाशी बसली. दुसऱ्याने पहिल्याच्या मागून निघायचं, असं तिने लिहिलं आणि मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तेच! पहिला सुरू झाल्याची नोंद होती, पण हाकेला ओ द्यायला त्याला अजून अवकाश होता.

"सुरू झालं म्हणजे तयार झालं का रे, मेल्या?" ती पडद्यावर ओरडली. पहिल्याने ओ दिल्याशिवाय दुसऱ्याने जागचं हलायचं नाही, असं तिने लिहिलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कपाटाचं कुलूप खट्कन उघडलं. खात्रीसाठी आणखी एकदा. खट्.

"अगं, स्वतःच्याच पोटावर पाय देतेयस तू," मावशी हळूच म्हणाल्या.

"कळतंय मला! तुम्ही आता काही बोलू नका."

सकाळी मावशींचा फोन आला. "झालं गं चालू. साहेब सगळ्यांना सांगत सुटलेत, मी म्हटलं नव्हतं का, आपोआप होतं म्हणून!"

तिने दात आवळले. "आजोबा?"

"डोस घेऊन गेले. विचारत होते, आज तोंड धुवायला कुणी लावलं म्हणून."

तिने फोन ठेवला. रोजच्या सवयीने डबा भरलेला होता, पायात चपला होत्या. दारातच उभ्या उभ्या तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं.