दुकानाचा कुत्रा

"कलेजी नको आज," रांगेतली बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजली. पण अशी, की लाकडी ठोकळ्यामागे उभ्या अंजनाबाईंना शब्दन्‌शब्द ऐकू यावा. "ती पोरगी दर रविवारी फोडवाली नेते. उरलेली आपल्या पातेल्यात."

अंजनाबाईंनी सुरा जरा जोरात आपटला, इतकंच. मुलुंडच्या त्या गल्लीतलं मटणाचं दुकान नवऱ्यामागे त्यांनी एकटीने चालवलं होतं. बोकडाची जीभ आणि गिऱ्हाइकाची जीभ, दोन्ही कशा हाताळायच्या ते त्यांना ठाऊक होतं.

ती पोरगी म्हणजे जान्हवी. गुरांची डॉक्टर होऊन आता जंतांवर संशोधन करणारी. कलेजीवर, फोपशावर म्हणजे फुप्फुसावर, पाण्याने टरारलेले पांढरे फोड दिसले की अंजनाबाई तो तुकडा तिच्यासाठी बाजूला ठेवत. तिने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. असे फोड कुत्र्याने कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात कणीएवढे जंत होतात. त्यांची अंडी त्याच्या शीतून पडतात, केसांना चिकटतात, माणसाच्या हातातून तोंडात जातात. मग माणसाच्या पोटात तसाच फोड, वर्षानुवर्षं गुपचूप वाढणारा. "शिजवलेल्या मटणाने हे होत नाही, मावशी. भानगड कुत्र्याची."

तेव्हापासून खराब माल झाकणाच्या ड्रमात जायचा. त्याआधी कितीतरी वर्षं तो बंड्यापुढे पडायचा. बंड्या म्हणजे दुकानामागचा फाटक्या कानाचा कुत्रा; दुकान आपल्याच बापाचं असल्यासारखा बसायचा. जान्हवीने त्याच्या शीचा नमुना नेला. निकाल अंजनाबाईंनी विचारला नाही. पुढच्या रविवारी पोरीने बंड्याला पेढ्यात घालून गोळी चारली, त्यातच काय ते आलं.

आज मात्र जान्हवीने पिशवी हातात घेतलीच नाही. "निशावहिनी दिसत नाहीत?" तिने अंजनाबाईंच्या सुनेबद्दल विचारलं.

"दवाखान्यात आहे. लिव्हरमध्ये पाण्याची गाठ निघाली. साधी असेल म्हणाले. आत्ता सुई घालून पाणी काढणारेत."

जान्हवीचा चेहरा उतरला. "घरी कुत्रा आहे का, असं विचारलं डॉक्टरांनी?"

"विचारलं की. नाही म्हटलं." अंजनाबाई ठोकळा पुसू लागल्या. तो स्वच्छच होता. "घरी कुठे आहे? दुकानात आहे."

"मावशी, ती गाठ तसली असली आणि आतलं पाणी पोटात सांडलं, तर जागच्या जागी जीव जाऊ शकतो. वाचल्या तरी पोटभर नवे फोड. फोन करा."

मुलाने, प्रज्योतने, फोन उचलला नाही. आईने डॉक्टरांना 'नाही' म्हटलं, तेव्हा तोही शेजारीच उभा होता. त्याने तेव्हाही तोंड उचकटलं नव्हतं.

दुकान तसंच टाकून दोघी रिक्षात बसल्या. अंजनाबाईंनी गावाकडच्या एकेका देवाला नाव घेऊन बोलावलं. देव आले असतील, सिग्नल सुटेना. सुनेचं पोट दुखायला लागलं तेव्हापासून त्या तिला टोचत होत्या, "खा अजून रस्त्यावरची भेळ." निशाने भेळ सोडली. बंड्याला कुरवाळायचं तेवढं सोडलं नाही, आणि ते सोड असं तिला कुणी म्हटलंही नाही.

निशाला आत घेतलं होतं. अंजनाबाई कुणाचं न ऐकता दार ढकलून शिरल्या. हातमोजे चढवलेले डॉक्टर वळले. "बाई, बाहेर थांबा."

"एक मिनिट, डॉक्टर," जान्हवी मागून म्हणाली. "मी गुरांची डॉक्टर आहे. यांना काहीतरी सांगायचंय."

प्रज्योत दारात येऊन उभा राहिला आणि फरशी बघू लागला. निशाने हात लांब करून त्यांचा पदर ओढला.

"आई, बंड्याने आज खाल्लं का?" अगदी हळू, डॉक्टरांना ऐकू जाणार नाही असं. मग आणखी हळू, "राहू दे ना, आई, त्याचं सांगू नका. लोक दुकानात यायचे बंद होतील. त्यालाही हाकलून देतील."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

अंजनाबाईंनी पदर सोडवून घेतला नाही.

"डॉक्टर, सुई ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "कुत्रा आहे. त्याला फोडवाली फोपसं मी घातलीत, या हाताने. आणि माझी सून रोज त्याच्या गळ्यात हात घालून बसते."