नाव दिसेल अशी पवनचक्की

गढा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं आहे. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून समारंभाला पंखे बंद ठेवतात. तेही जबलपूरच्या मे महिन्यात! असल्या माणसांकडे मी पवनचक्की मागितली. माझीच अक्कल चरायला गेली होती.

माझी भाची शैलजा कोकणात, खाडीपलीकडच्या, समुद्राकाठच्या एका वस्तीवर नर्स आहे. विजेचा पत्ता नसतो, लसींचा फ्रिज बंद पडतो, आणि होडीतून लेकरं घेऊन आलेल्या आया तशाच परत जातात. वारा मात्र हवा तेवढा. फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या आमच्या मंडळींनी पवनचक्की बनवली आणि बरी बनवली, खोटं कशाला बोलू?

मग नावं आली. चक्कीच्या शेपटीच्या पत्र्यावर एका बाजूला अध्यक्ष रामकृष्णजी, दुसऱ्या बाजूला उपाध्यक्ष मुरलीधरजी. शेपटी वाऱ्याबरोबर वळते, तेव्हाच चक्कीचं तोंड वाऱ्याकडे राहतं. म्हणजे कधी एकाचं नाव रस्त्याकडे आणि दुसऱ्याचं समुद्राकडे, कधी उलट. रामकृष्णजींना हे कसं सोसावं? उद्घाटनाला वस्तीवर गेले आणि आपलं नाव रस्त्याकडे करून शेपटीत बोल्ट ठोकून आले. त्या दिवशी वारा उत्तरेचा होता. चक्की फिरली, फोटो निघाले, इथे शाल-श्रीफळ झालं.

पुढे वारा दक्षिणेला वळला आणि चक्की ठप्प. लसी वाया गेल्या. शैलजा फोनवर रडली. दुसऱ्या दिवशी मी तडक बैठकीत गेले.

"रामकृष्णजी, तो बोल्ट काढायला सांगा."

"अरे भानुमती दीदी, काहून घाई करून राहिल्या? वारा येईन ना परत. थोडा सब्र ठेवा."

"लेकरं आजारी पडाले वाऱ्याची वाट पाहतात का?"

"बोल्ट काढला तं माझं नाव समुद्राकडे जाईन. तिथं वाचीन कोण? मासे?"

मुरलीधरजी लगेच सरसावले. "चलो, माझं नाव रस्त्याकडे करा अन् तोच बोल्ट परत ठोका."

उडदामाजी काळे-गोरे काय निवडावे! यावर चक्क मतदान घ्यायचं ठरलं. मला किळस आली. मी बाहेर येऊन शैलजाला फोन लावला.

"काढून टाक तो बोल्ट. कोणाले विचारू नको."

"आत्या, सकाळीच कापला. होडीच्या इंजिनचा मिस्त्री आणला होता. चक्की फिरून राहिली, नव्या लसीही येऊन राहिल्या."

पुढच्या बैठकीत मी तिने पाठवलेले दोन फोटो टेबलावर ठेवले, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे. दोघांनी झडप घालून आपापली बाजू उचलली. नावं नव्हतीच. शैलजाने दोन्हीकडे पांढरा रंग मारून मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : बाळांना लस, दर बुधवारी.

"रस्त्याकडचं समजलं," रामकृष्णजी कसेबसे म्हणाले. "पण समुद्राकडे काहून?"

"आया होडीनं येतात," मी म्हटलं.