मागच्या सीटचं प्लॅस्टिक

"फुकट म्हणजे काय, ते मला एकदा नीट समजावून सांगा," असं म्हणत स्टोअरकीपरांनी बिल काउंटरवर ठेवलं आणि तळहाताने सपाट केलं.

"काका, गाडीच्या पहिल्या सर्व्हिसची मजुरी फुकट असते," काउंटरमागची मुलगी म्हणाली. सकाळपासून म्हणून म्हणून या वाक्याला आता चालही लागली होती. "ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावे लागतात."

"म्हणजे जेवायला बोलावणं फुकट, ताटातलं तेवढं विकत!"

"अहो, देऊन टाका आणि चला," मागच्या सोफ्यावरून बायको म्हणाली. "मशीनची ती कडू कॉफी तीनदा पिऊन झाली माझी."

"कडू आहे तर तीनदा कशाला प्यायलीस?"

"फुकट होती."

स्टोअरकीपरांचा उभा जन्म इस्पितळाच्या भांडारात गेला होता. निवृत्त झाले तरी नाव मात्र तेच चिकटून राहिलं. वेष्टन फाडलं की वस्तू जुनी झाली, हा तिथला नियम त्यांनी घरीही आणला. टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत होता. नव्या गादीवरचं प्लॅस्टिक काढायला त्यांनी वर्ष घेतलं. तोवर दोघांपैकी एकाने कूस बदलली की दुसऱ्याला जाग यायची.

मग गाडी आली. परदेशी नोकरीला गेलेल्या लेकीला विमानतळावरून आपल्या गाडीने घरी आणायचं, एवढ्यासाठीच ती घेतली होती. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच राहिलं. "ती आली की काढू," ते म्हणायचे. "कोऱ्या सीटवर पहिली तीच बसेल."

"आणि तोवर मी?" बायको म्हणायची. "उन्हात पाठ चिकटते हो. उतरताना सोलून निघाल्यासारखं होतं."

स्टोअरकीपरांचं बोट आता बिलाच्या शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं. "आतली साफसफाई? ही कसली?"

"गाडी आतून स्वच्छ केलीय काका."

"पण आत घाण आलीच कुठून? सगळ्या सीटांवर प्लॅस्टिक आहे."

"होतं," मुलगी म्हणाली.

स्टोअरकीपरांनी काउंटरची कड धरली. "काढलं? कुणाला विचारून?"

मुलीने सोफ्याकडे पाहिलं. बायको रिकाम्या कपात डोकावत होती.

"मीच सांगितलं," कपातच पाहत ती म्हणाली.

"अगं, आपलं ठरलं होतं ना! ती आली की..."

"ती येत नाहीये."

काचेपलीकडे कुणीतरी एका गाडीवर पाण्याचा फवारा मारत होतं. तो बंद होईपर्यंत स्टोअरकीपर तिकडेच पाहत राहिले.

"गेल्या आठवड्यात फोन आला होता," बायको म्हणाली. "रजा मिळत नाही म्हणाली. पुढच्या वर्षी बघू म्हणाली."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही खाली गाडी पुसत होतात. चक्क गुणगुणत होतात. म्हटलं, पुसून तरी होऊ दे. मग रोजच पुसायला लागलात."

मुलगी घाईघाईने संगणकाकडे वळली. "काका, साफसफाईचे पैसे काढून टाकते मी."

"नको. काम केलंय ना तुमच्या माणसांनी? मग घ्या." त्यांनी कार्ड पुढे केलं. पिन पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा एकेक आकडा सावकाश दाबला. पावती न वाचताच खिशात गेली. बायको सोफ्यावरून उठून उभी राहिली; न वाचता सही न करणारा हा माणूस तिने असा कधी पाहिला नव्हता.

दारापर्यंत जाऊन ते परत आले. "ते प्लॅस्टिक मिळेल का?"

दाराशी उभा असलेला मेकॅनिक आत जाऊन कचऱ्याच्या पिंपातून एक गुंडाळी घेऊन आला. "पुढचं फाटलं काका. मागचं तेवढं धड आहे. लोक काढून टाका म्हणून मागे लागतात, आणि तुम्ही परत घालताय!"

"त्यांचं आहे ते," बायको तुटकपणे म्हणाली. "घालतील, नाहीतर काहीही करतील."

स्टोअरकीपर मागच्या दाराने आत वाकले. एक टोक काही केल्या बसेना. तेव्हा बायको पलीकडच्या दाराने आली, ते टोक ओढलं आणि पाठीमागच्या फटीत बोटांनी नीट खोचलं. मध्येच दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

पुढच्या उघड्या सीटवर बसून तिने तळहात फिरवला. "मऊ आहे हो," ती म्हणाली.

"महागाची आहे," ते म्हणाले आणि गाडी सुरू केली.

रस्त्यावर पहिलाच गतिरोधक आला. गाडी उसळली आणि मागे प्लॅस्टिक कुरकुरलं; कुणी झोपेत कूस बदलावी तसं.

"जरा हळू," बायको म्हणाली.

पुढच्या गतिरोधकाशी त्यांनी गाडी जवळजवळ उभीच केली, आणि मग एकेक चाक अलगद पलीकडे उतरवलं.