मनगटातली पांढरी रेघ

"ही पांढरी रेघ दिसते ना? इथं काहीच दिसायला नको होतं." डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "सांध्यातल्या कूर्चेत कॅल्शियमचे बारीक स्फटिक साचलेत. कूर्चा झिजलीय, सांधाही झिजलाय."

अण्णांनी आपल्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. गावाच्या दाढ्या केलेलं मनगट. गेल्या आठवड्यात ते अचानक सुजलं, लाल झालं. सुईनं आतलं पाणी काढून तपासलं, तेव्हा कुठं कारण कळलं.

"दूध बंद करू का?"

"दुधाचा दोष नाही, अण्णा. वयानं होतं. सूज गोळ्यांनी उतरेल, पण साचलंय ते विरघळवायचं औषध नाही. नाजूक काम आता नको."

दुकान लेकीनं कधीच हाती घेतलं होतं. अण्णांना घोर होता तो पोस्टमनचा. त्यांचा हा जुना दोस्त अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला होता. जेवण, अंघोळ, सगळं बायकोच्या हातून. दाढी तेवढी अण्णांकडून. त्या वेळी तो आजारी नसायचा, गिऱ्हाईक असायचा.

रविवारी अण्णा मनगटाला पट्टा बांधून गेलेच. वहिनींनी गरम पाणी आणून ठेवलं. गालावरून वस्तरा नीट फिरला. हनुवटीखाली गेला आणि मनगटातून कळ निघाली, बोटं सैल पडली. रक्त आलं नाही, पण गळ्यावर पातं थरथरलेलं दोघांनाही कळलं.

अण्णांनी हात मागे घेतला. "जमत नाही रे. हात गेला माझा."

"चालव," पोस्टमन शब्द ओढत म्हणाला. "कापलं तर कापलं. मला काय बोहल्यावर चढायचंय?"

"तुला चालेल. मला नाही चालणार." अण्णा दाराकडे वळले. "वहिनी, जरा या इकडे. कातडी मी ताणून धरतो, तुम्ही वस्तरा फिरवा."

"मी? अहो, मी कधी हातात धरला नाही."

"हिला नको," पोस्टमननं तोंड भिंतीकडे फिरवलं. "आणखी किती करायचं तिनं?"

वहिनी पदराला हात पुसत पुढं आल्या. "मी कधी मोजलंय का? द्या तो वस्तरा."

अण्णांनी डाव्या हातानं कातडी ताणली. "तिरपा धरा. दाबू नका. हं, असाच." पोस्टमननं डोळे मिटून घेतले. साबणाचा फेस पट्ट्यापट्ट्यानं निघत गेला. कानाखाली वहिनी अडखळल्या, तेव्हा त्यानंच मान थोडी कलती केली.

वहिनींनी वस्तरा धुऊन, पुसून अण्णांपुढं धरला.

"राहू द्या इथंच," अण्णा म्हणाले. "पुढच्या रविवारी येतो मी. गाल ताणून धरायला."