एकोणीस नंबरची हजेरी

शिलाईच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी मी शेजारच्या बाईवर खेकसले. "अहो, जरा दमानं! मशीन आहे का आगगाडी?" मान वर करून बघते तर शेजारी बाईच नाही. खुर्ची रिकामी, सुईखाली अर्धवट लागलेलं पांढरं कापड, आणि चाक नुकतंच थांबल्यासारखं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

माझी मशीन वीस नंबरची, ती एकोणीस. पलीकडे अठरावर माझी थोरली जाऊ बसायची. मुकादमांकडे शब्द टाकून तिनंच मला इथं लावलं होतं. नवरा चार महिने घरी बसलेला, त्यामुळे ही नोकरी गेली असती तर चूलच विझली असती.

"जाऊबाई, एकोणीसवर कोण बसतं?"

"कोणी नाही."

"मग आत्ता शिवत कोण होतं?"

जाऊबाईंनी सुईत दोरा ओवला. माझ्याकडे बघितलं नाही. "नवीन माणसाला ऐकू येतं. उद्या हजेरीला सगळ्यांबरोबर बोल, म्हणजे थांबेल. जास्त चौकशा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी मुकादम वही घेऊन दारात उभे राहिले. आमच्याकडे नावानं नाही, मशीनच्या नंबरानं हजेरी होते. सतरा, हजर. अठरा, हजर. "एकोणीस?" असं त्यांनी विचारलं आणि त्या अख्ख्या हॉलमधल्या बायका, चांगल्या अठ्ठावीस जणी, पाढे म्हटल्यासारखं एका सुरात म्हणाल्या, "बाराला गेली."

मुकादमांनी वही खाली घेतली. "वीस, तू नाही म्हणालीस."

"मी तिला ओळखत नाही, जाताना पाहिली नाही. न पाहिलेलं कसं सांगू?"

"सगळ्या म्हणतात."

"सगळ्या विहिरीत उड्या मारतील!" उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा दोष. कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

घरी जाताना जाऊबाईंनी खरं काय ते सांगितलं. एकोणीसवर एक बाई होती, अखंड बडबड करायची म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. मुकादम म्हणाले, माल गाडीत चढेपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. बाराच्या सुमारास चिमणी गेली, तिथंच. मुकादमांची पाचावर धारण बसली. त्यांनी आणि आणखी दोघांनी तिला मागच्या दारानं नेऊन बसथांब्याच्या बाकावर बसवलं. पोलीस विचारायला येणार म्हणून ती बाराला निघून गेली असं सगळ्यांकडून एकच वाक्य घोटून घेतलं, तेही हजेरीतच, कोणाची जीभ घसरायला नको म्हणून. पोलीस आले, तेच वहीत लिहून गेले आणि तिच्या आईलाही तेच सांगितलं.

"मग अजून का म्हणता?"

"मधे एक दिवस म्हटलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "त्या दिवशी बाराला सगळ्यांना ऐकू आलं."

मी रस्त्यातच थांबले. "आणि तुम्ही? तुम्ही कशा म्हणता हो हे?"

"पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं, धाकटे. जगात राहायचं तर चार लोकांसारखं राहावं."

"मग रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर कशाला बसता? तिथंही मागेच बसा की चार लोकांत!"

बोलले आणि लगेच वाईट वाटलं, कारण मला आठवलं. प्रभुभोजनाचा प्याला आला की जाऊबाई तो तोंडाला न लावता पुढे देतात. मी किती वेळा पाहिलं होतं, वाटायचं पथ्य असेल काही. पण मनात पाप लपवलेल्यानं तो प्यायचा नसतो.

माझ्या बापाची एक रीत होती. दिवसभरात कोणी खोटं बोललं असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेआधी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. मी एकदा साखर खाऊन मांजरावर आळ घेतला, तर मांजराला समोर बसवून माझ्याकडून माफी मागून घेतली त्यांनी. भावंडं आठवडाभर म्याव म्याव करत होती. शेजारी आम्हाला वेडे म्हणायचे. बाप म्हणायचा, म्हणू देत, आपण प्रभूची माणसं, आपल्याला थोडं वेगळंच दिसायचंय.

वेगळं दिसणं ठीक होतं हो. वेगळं ऐकू येणं सोसवेना.

आधी फक्त बाराला यायचा तो आवाज. मग अकरापासून यायला लागला. मग सकाळी हजेरी संपली की सुरूच. एकदा जेवणाच्या सुट्टीत धीर करून मी ते कापड उलटून पाहिलं. त्यावर दोऱ्याचा एक टाका नव्हता. नुसती सुईची भोकं, ओळीखाली ओळ, इतकी जवळजवळ की कापडाची चाळण झालेली. सगळ्यात खालच्या ओळीला बोट लावलं तर गरम लागलं. चाकाचा पट्टा तर मुकादमांनी केव्हाच काढून नेला होता. मी प्रभूचं नाव घेत मागे सरले आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत सरतच राहिले.

बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. डबा उघडला की दोन्ही बाजूंच्या उठून जायच्या. शेवटी मुकादमांनी बोलावून सांगितलं, "उद्या म्हटलं नाहीस तर परवापासून येऊ नकोस." घरी नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तीन शब्दसुद्धा नाहीत गं. दोनच आहेत." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

खरं सांगते, त्या सकाळी मी म्हणायचं ठरवूनच गेले होते. देव माफ करील, पोट काही माफ करणार नाही, असा हिशोब केला होता.

"एकोणीस?"

मी तोंड उघडलं. शेजारची मशीन तडतडत होती, ती अचानक थांबली. बंद पडल्यासारखी नाही. कोणी श्वास रोखून ऐकायला थांबावं, तशी. माझ्या उजव्या गालाकडे कोणी जवळून बघतंय असं वाटलं. मी तिकडे मान वळवली नाही. माझी छातीच झाली नाही.

"बाराला गेली," अठ्ठावीस जणी म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले. "इथं मेली ती. या मशीनपाशी. आणि तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे."

आधी कोणाची तरी कात्री पडली. मग पहिल्या ओळीतल्या बाईनं कानांवर हात ठेवले, मग तिच्या मागचीनं, मग सगळ्यांनीच. मुकादमांची वही गळून पडली आणि ते दाराला टेकून खाली बसले. अठ्ठावीस जणी एकोणीसकडे बघत होत्या. मला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं, पंख्याची घरघर तेवढी. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. आता कोणी काढायची गरज राहिली नव्हती.

मागून जाऊबाई धावत आल्या, दोन्ही कान दाबून. "थांबव गं ते! इथंही येतंय!"

"माझ्या हातात नाही, जाऊबाई." त्यांचा चेहरा बघून माझा सगळा राग गेला. "तिची आई कुठं राहते?"

दोन गल्ल्या सोडून राहत होती. म्हातारीनं दार उघडलं. खोलीत एक खाट, एक खुर्ची. आम्ही कारखान्यातल्या म्हटल्यावर तिनं आम्हाला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसली आणि न विचारताच बोलायला लागली.

"मरण कोणाला चुकलंय? त्याचं मला काही नाही. पण रस्त्यावर, बाकावर, एकटी गेली माझी पोर. एवढी बोलकी, आणि शेवटी बोलायला कोणी नाही. माणसं जवळून जात असतील, झोपलीय समजत असतील. रोज डोळ्यांसमोर तो बाक येतो."

जाऊबाईंनी कानांवरचे हात काढले.

"बाकावर नाही गेली ती, आई. तिथं आम्ही नंतर नेऊन बसवली. ती कारखान्यात गेली, माझ्या मांडीवर. तुमचं नाव घेत होती. मी तिच्या कानाशी प्रार्थना म्हणत होते, संपेपर्यंत हात धरून होते."

म्हातारी हलली नाही. "एकटी नव्हती?"

"नाही."

"मग दोन वर्षं सांगितलं का नाहीस गं मला?"

म्हातारीनं हात उचलला. मला वाटलं, आता मारणार. तिनं तो जाऊबाईंच्या मांडीवर ठेवला आणि आंधळ्या माणसासारखी चाचपत राहिली.

"इथं?"

जाऊबाईंनी मान हलवली. म्हातारी गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिनं आपलं डोकं तिथं टेकलं.