ताकदीची गोळी

"आई, दोन मिनिटं घ्या न हिले, दूध उतू जाऊन राहिलं!" दीपमाला सासूला म्हणाली.

कौशल्याबाई जागच्या हलल्या नाहीत. "माही कंबर दुखते."

मुलीला खांद्यावर टाकूनच दीपमालाने गॅस बंद केला. "पोरगा असता त घेतलं असतं," ती पुटपुटली.

कौशल्याबाईंनी ते ऐकून घेतलं. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

कन्हानच्या दवाखान्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या. किती बाळं आधी त्यांच्या हातात आली आणि मग आईच्या. पण चार महिन्यांच्या नातीला जवळ घेतलं की मनात यायचं, आपणच हिला आपटलं तर? कुलूप, गॅस पुन्हा पुन्हा तपासण्याचा आजार जुनाच होता. नात झाल्यापासून त्याने हे रूप घेतलं. मनातला विचार म्हणजे इच्छा नव्हे, असं डॉक्टर सांगत. औषधं दोनदा बदलली, तरी फरक नव्हता. मग त्यांनी पाण्यात विरघळणारी एक गोळी जोडीला दिली. "पूरक आहे. काहींना फायदा होतो, काहींना नाही. जुनी गोळी मात्र सोडू नका."

घरी कौशल्याबाईंनी ती ताकदीची गोळी म्हणून सांगितली. सगळ्यांसमोर पिता येत होती. लपवून घ्यावी लागणारी जुनी गोळी त्यांनी गुपचूप बंद केली.

महिन्याभराने एका दुपारी दीपमाला किराणा घेऊन आली, तर घराला बाहेरून कडी. आत मुलगी रडत होती आणि कौशल्याबाई पायरीवर बसल्या होत्या.

दीपमालाने धावत जाऊन मुलीला उचललं. "काहून असं केलं आई?"

"मले माह्या हाताची भीती वाटते वं. वाटते, मीच तिले काही करीन."

मुलीला छातीशी धरून दीपमाला दोन पावलं मागे सरली. कौशल्याबाईंनी ती दोन पावलं पाहिली आणि मान खाली घातली.

दोन दिवस दीपमालाने मुलीला स्वतःपासून दूर केलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलीला नवऱ्याकडे देऊन ती सासूबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी जुनी गोळी पुन्हा सुरू केली. दीपमालाने त्यांना बरंच विचारलं. कौशल्याबाई भिंतीकडे पाहत होत्या.

बाहेर मानसोपचार विभागाच्या बाकावर औषधांसाठी बसल्या असताना गल्लीतल्या इंदुताई भेटल्या. "अवं, इकडं कोणासाठी?"

कौशल्याबाईंनी पदर ओढून घेतला.

"आमच्या आईसाठी," दीपमाला म्हणाली. मग सासूच्या मांडीवरची फाईल तिने उचलून आपल्या मांडीवर घेतली.